कुलाब्याचा चुंबक अलिबागला का गेला

मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, कायमच्या थांबल्या होत्या आणि खाडीच्या तोंडापलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवरच्या अलिबागला त्या १९०४ पासून सुरूही झाल्या होत्या. ही हकीकत बहुधा एका वाक्यात उरकली जाते: ट्राम येणार म्हणून वेधशाळा गेली. वाक्य खोटे नाही, पण त्यातून खरे कारण कळत नाही. ट्राम कुलाब्याला नवी नव्हतीच. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जात होता. त्याआधी १८७३ मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वे आपले रूळ आणि वाफेची इंजिने घेऊन कुलाब्यापर्यंत आली होती. कुलाबा ही लष्कराची छावणी, म्हणजे तोफा, गोळे, गाड्या असे सगळेच लोखंड आसपास. लोखंड हाच चुंबकाचा शत्रू असता तर वेधशाळेने १८७४ मध्येच बाडबिस्तरा आवरायला हवा होता. ती पुढे तीस वर्षे जागची हलली नाही. मग १९०० च्या सुमारास असे काय घडले? माझ्या मते याचे उत्तर स्थायी चुंबक आणि विद्युतचुंबक यांच्यातल्या एकाच फरकात आहे. स्थायी चुंबकाचा त्रास कितीही असला तरी तो हिशेबात धरता येतो. विद्युतचुंबकाला बटणागणिक जाग आणि झोप येते, आणि अशा त्रासाचा हिशेब मांडता येत नाही.

वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली ती चुंबकासाठी नव्हे. मुंबई बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि ताऱ्यांचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या १८४१ मध्ये, आणि त्यामागे युरोपात उठलेली एक मोठी हाक होती. जर्मनीत गटिंगन येथे गाऊस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात ठिकठिकाणच्या वेधशाळांना एकाच वेळी चुंबकसूची वाचायला लावले होते. हम्बोल्टने इंग्लंडला आपल्या साम्राज्यभर अशी ठाणी उभारण्याची गळ घातली. त्यातून टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्ट इथे ठाणी झाली, आणि कंपनीच्या मुलखात सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई इथे. मुंबईचे काम एल्फिन्स्टनमधील खगोलशास्त्राचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्याकडे आले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. आणि ऑर्लिबार यांच्या हाताखाली पन्नास रुपये पगारावर रुजू झालेल्या, मिसरूडही न फुटलेल्या एका मुलाचे नाव होते केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ज्यांच्या गणितावर टिळकांची पिढी पोसली ते हेच केरूनाना. त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. साठएक वर्षांनी वेधशाळेतली चुंबकीय यंत्रे त्यांच्याच गावाशेजारी जाऊन बसली, हा निव्वळ योगायोग आहे; त्यात अर्थ शोधू नये.

या मंडळींच्या हातातले मुख्य उपकरण म्हणजे पोलादाची चुंबकित पट्टी, बारीक धाग्याला आडवी टांगलेली. ती चुंबक कशी झाली आणि चुंबकच का राहते, हे नीट कळायला विसावे शतक उजाडावे लागले. लोखंडाच्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत फिरकीमुळे एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. शेजारशेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला वळवतात आणि त्यातून सूक्ष्म प्रदेश तयार होतात. त्यांना डोमेन म्हणतात. ही कल्पना फ्रान्सच्या पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये, म्हणजे मुंबईची ट्राम सुरू झाली त्याच वर्षी मांडली. साध्या लोखंडाच्या तुकड्यात हे प्रदेश वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. जवळ जोरदार चुंबक आणला की अनुकूल दिशेचे प्रदेश वाढतात, प्रतिकूल आक्रसतात आणि तुकडा चुंबक होतो. चुंबक दूर नेला की नरम लोखंडातल्या या सीमा पुन्हा सरकून जवळपास मूळ जागी येतात. कठीण पोलादात मात्र कार्बनमुळे आणि स्फटिकांतल्या ताणांमुळे त्या सीमा ठिकठिकाणी अडकून पडतात. त्यांना परत यायचे असते, पण येता येत नाही. या अडकण्यालाच आपण स्थायी चुंबकत्व म्हणतो. म्हणून होकायंत्राची सूची पोलादाची करतात आणि विद्युतचुंबकाचा गाभा नरम लोखंडाचा. एकाने धरून ठेवायचे असते, दुसऱ्याने सोडून द्यायचे असते.

पण पोलादाची पकडही पूर्ण नसते. सूची तापली, आदळली किंवा नुसती जुनी झाली तरी तिचा जोर थोडा थोडा ओसरतो. मग दहा वर्षांत सूचीवरचा पृथ्वीचा ओढा कमी झालेला दिसला, तर पृथ्वी दुबळी झाली की सूची म्हातारी झाली, हे ठरवायचे कसे? गाऊसने १८३२ च्या सुमारास काढलेला तोडगा फारच देखणा आहे. टांगलेला चुंबक किंचित ढकलून त्याचा झोका मोजायचा. त्यावरून चुंबकाचा जोर आणि पृथ्वीचे क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. नंतर तोच चुंबक दुसऱ्या सूचीजवळ ठेवून ती किती कलते ते पाहायचे; त्यावरून त्याच दोन राशींचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार हाती आले की दोन्ही राशी वेगळ्या होतात. म्हणजे चुंबकाचा जोर आधी ठाऊक असण्याची गरज उरत नाही. कुलाब्याला पुढची साठ वर्षे जे काम चालले त्याचा पाया हा. ज्या वस्तूवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही तिच्याकडूनच विश्वासार्ह आकडा काढण्याची ही रीत होती, आणि ती चालली, कारण सूचीचा अविश्वास मंद गतीचा होता. सूची वर्षानुवर्षांत बदलते, मिनिटामिनिटाला नाही.

या कष्टाचे मोल एका दिवसाने सिद्ध केले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक लखलखाट दिसला आणि अठराएक तासांत पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. इंग्लंडमधील क्यू येथे फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप उमटणारी रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला तेव्हा असे यंत्र नव्हते. तिथे माणसे दुर्बिणीतून मोजपट्टी पाहून आकडे लिहीत होती, एरवी तासातासाला आणि सूची चाळवली की अधिक दाट. त्यामुळे वादळाचा तळ कुलाब्याच्या वहीत उतरला. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग त्या वादळात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला, म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या आकड्याच्या चार टक्क्यांच्या आसपास. तुलनेसाठी, मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अंधार केला, त्याची जागतिक तीव्रता ५८९ नॅनोटेस्ला धरली जाते. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. एक एका ठिकाणचा आहे, दुसरा अनेक ठिकाणांची सरासरी. आणि कुलाब्याच्या घसरणीतला किती भाग कोणत्या प्रवाहामुळे, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण वाद घालायला आकडा लागतो, आणि तो या वहीत आहे. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी त्या नोंदी जगापुढे मांडल्या तेव्हा कुठे ‘सर्वांत मोठे वादळ’ ही नुसती आख्यायिका राहिली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. अशा नाजूक कामाच्या भोवती स्थायी चुंबकांचे रान माजले होते. पायाखाली तर साक्षात दख्खनचा काळा पत्थर. या बसाल्टात मॅग्नेटाइटचे कण असतात. लाव्हा थंड होत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडून बसतात आणि सोडत नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या थरांपैकी पुष्कळसे पृथ्वीचे ध्रुव उलटे असतानाच्या काळातले आहेत, म्हणजे सह्याद्रीचा मोठा भाग आजही उलटे उत्तर-दक्षिण छातीशी धरून उभा आहे. असा दगड खाली असला तर सूचीचा आकडा थोडा चुकीचा येणारच. पण तो रोज तेवढाच चुकीचा येतो. सराफाच्या तराजूचे एक पारडे कायम गुंजभर जड असेल तर तो गुंजभर वजा करून निर्धास्त धंदा करतो. कोणी अधूनमधून पारड्यावर बोट टेकवत असेल तर मात्र त्याला दुकान बंदच करावे लागेल. वेधशाळेला हवा होता तो बदल: सकाळ ते दुपार, उन्हाळा ते हिवाळा, एका वर्षापासून पुढच्या वर्षापर्यंत. पायाखालचा खडक साडेसहा कोटी वर्षे बदललेला नव्हता, तेव्हा बदलाच्या मोजणीत तो आडवा येत नव्हता.

तोफा आणि इंजिने तर हलती होती, मग ती कशी चालली? इथे स्थायी चुंबकाचा दुसरा गुण कामी येतो. त्याला दोन ध्रुव असतात आणि दूरवरून ते एकमेकांचा परिणाम जवळजवळ पुसून टाकतात. त्यामुळे त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की परिणाम आठपट कमी, दहापट केले की हजारपट कमी. लोखंडाला कुंपणाबाहेर ठेवले की काम भागते. रस्त्यावरून घोडे ट्राम ओढत आहेत की नाही, याची आवारातल्या सूचीला दखल घ्यावी लागत नव्हती. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुलाब्यातही फोटोग्राफीची यंत्रे आली. चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून परावर्तित झालेला दिव्याचा किरण घड्याळाने फिरणाऱ्या कागदावर अखंड रेघ काढू लागला. म्हणजे वेधशाळा अधिक संवेदनशील झाली ती रूळ आले त्याच सुमारास, आणि तरीही ती टिकली. माझ्या लेखी ही तीस वर्षे या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

विद्युतचुंबकाची गोष्ट वेगळी. १८२० मध्ये कोपनहेगनला ओरस्टेडने दाखवले की प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ सूची वळते. १८२५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने नालाच्या आकाराच्या लोखंडाला वार्निश लावून त्यावर उघड्या तांब्याच्या तारेचे अठरा वेढे दिले. सुमारे दोनशे ग्रॅमच्या त्या लोखंडाने चार किलो वजन उचलले आणि प्रवाह तोडताच सोडून दिले. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळले, त्यामुळे वेढ्यांवर वेढे देता आले, आणि १८३१ पर्यंत त्याचा एक चुंबक नऊशे किलोंहून जास्त वजन पेलू लागला. गुपित सोपे आहे. तारेचा प्रत्येक वेढा स्वतःभोवती क्षेत्र उभे करतो, वेढ्यांची क्षेत्रे एकमेकांत मिळतात, आणि आतल्या नरम लोखंडाचे प्रदेश त्या दिशेला वळून परिणाम शेकडो पटींनी वाढवतात. प्रवाह गेला की प्रदेश विस्कटतात. प्रवाह उलटा केला की ध्रुव उलटतात. ट्रामची मोटर म्हणजे या आज्ञाधारकपणाचा पुरेपूर वापर. बाहेरचे विद्युतचुंबक आणि आतल्या फिरत्या गाभ्यावरचे वेढे यांच्यातला ओढा प्रत्येक फेरीत योग्य क्षणी पालटत राहतो आणि चाक फिरते. चालकाने हातातली मूठ फिरवली की प्रवाह वाढतो, थांबा आला की शून्य होतो. शहरात शंभर गाड्या असतील तर हे शंभर ठिकाणी, शंभर वेगवेगळ्या क्षणी.

गाडीतल्या मोटारीचे क्षेत्र दूरवर पोचत नाही; ती लोखंडी पेटीत बंद असते. खरी अडचण होती ती प्रवाहाच्या वाटेची. प्रवाह डोक्यावरच्या तारेतून येतो, मोटारीतून जातो आणि रुळांतून वीजघराकडे परततो. रूळ जमिनीत पुरलेले असतात, त्यामुळे परतीच्या प्रवाहातला काही भाग मातीत, पाण्याच्या नळांत आणि खडकाच्या भेगांतल्या ओलाव्यात पाझरतो आणि मैलोन्‌मैल भटकतो. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारीशेजारी, सारखेच असते तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडून काढती. गळतीमुळे हा ताळेबंद बिघडतो आणि उरलेला प्रवाह एका लांब तारेसारखा वागतो. लांब तारेचे क्षेत्र अंतराच्या घनाने नव्हे, नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटते. हिशेब करून पाहावा: १०० अँपियरचा असा एकाकी प्रवाह एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करतो, पाच किलोमीटरवर ४ नॅनोटेस्लाचे. मुंबईच्या पट्ट्यातले पृथ्वीचे आडवे क्षेत्र सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला, त्यापुढे २० म्हणजे किरकोळ. पण वेधशाळा ३८,००० मोजायला बसलेली नव्हती. तिला हवी होती रोजची चढउतार, आणि शांत दिवशी ती तीस ते पन्नास नॅनोटेस्लांचीच असते. ट्रामच्या गर्दीची सकाळ आणि सूर्यामुळे होणारी सकाळची चढण एकाच मापाची झाली असती, एकाच वेळेला आली असती आणि कागदावर वेगळी काढता आली नसती.

यावर पहिला आक्षेप तारखांचा. ट्राम १९०७ ची, अलिबाग १९०४ चे. मग ट्रामला दोष कसा द्यावा? याचे उत्तर म्हणजे ट्राम अचानक आलेली नव्हती. बॉम्बे ट्रामवे कंपनीने विजेवर गाड्या चालवण्यासाठी महापालिकेकडे १८९९ मध्येच अर्ज केला होता. ट्राम ताब्यात घेण्याचा महापालिकेचा हक्क, त्यावरचे कायद्याचे कज्जे, मग इंग्लंडच्या कंपनीचा परवान्यासाठी अर्ज असे करत परवान्यावर सह्या झाल्या ३१ जुलै १९०५ रोजी. कोर्टकचेरीच्या या वेळकाढूपणाचे आभार शास्त्राने मानायला हवेत; त्यामुळेच वेधशाळेला सावरायला सवड मिळाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्थलांतर अटळ होते का? परतीचा प्रवाह रुळांऐवजी दुसऱ्या तारेतून नेला असता तर गळती झालीच नसती. लंडनमध्ये ग्रिनिचच्या आसपासच्या ट्रामसाठी अशा दोन तारा लावल्या गेल्याही. दिशा सतत उलटणारा एसी प्रवाह वापरला असता तर जड सूची त्याच्या मागे धावूच शकली नसती. पण ट्रामला सुरुवातीलाच जोर लागतो आणि तो देणारी भरवशाची मोटर त्या काळी डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावर चालणारी होती. दोन तारांची तजवीज गावाच्या एका कोपऱ्यापुरती जमते, वाढत्या शहराला आयुष्यभर बांधून ठेवता येत नाही. इतरत्र काय झाले तेही पाहावे. टोरांटोची चुंबकीय यंत्रे १८९८ मध्ये ॲजिनकोर्टला गेली. क्यूचे काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर येथे हलले. टोकियोचे काकिओकाला गेले. खुद्द ग्रिनिचलाही १९२० च्या दशकात विजेच्या रेल्वेपायी ॲबिंजर गाठावे लागले, आणि १९५७ मध्ये तिथूनही पुढे हार्टलंड. सगळीकडे कारण तेच. मुंबईने घाई केली असे कोणी म्हणू शकणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मुद्द्यावरच उलटतो. स्थायी चुंबकाचा त्रास चालण्याजोगा होता तर अलिबागची इमारत बांधताना एवढे सोवळे का पाळले? तिथे स्थानिक काळा दगड टाळून पोरबंदरचा अचुंबकी दगड आणला, बांधकामात लोखंड वर्ज्य केले, खिळे-बिजागऱ्या तांब्यापितळेच्या वापरल्या. हा विरोधाभास वरवरचा आहे. घनाचा नियम दूरच्या चुंबकाला निष्प्रभ करतो, तसाच जवळच्याला भयंकर करतो; हातभर अंतरावरच्या भिंतीतला बसाल्ट हा शंभर हात खालच्या खडकासारखा वागत नाही. त्याच्यामुळे खोलीच्या एका कोपऱ्यात एक आकडा येतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा, मग दोन यंत्रांची सांगड घालता येत नाही. शिवाय इमारतीतले लोखंड बहुधा नरम असते आणि नरम लोखंड स्थायी चुंबक नव्हेच. ते पृथ्वीच्या क्षेत्राबरोबर स्वतःही कमीजास्त होते, म्हणजे जो बदल मोजायचा त्याचाच आकार बिघडवते. तेव्हा अलिबागचे सोवळे होते ते जवळच्या आणि बदलत्या चुंबकांविरुद्ध. पायाखालचा खडक तिथेही दख्खनचाच आहे, आणि जागा निवडणाऱ्यांनी तो चालवून घेतला. बदलत नाही ते चालते, बदलते ते चालत नाही, ही कसोटी अलिबागच्या भिंतींतही दिसते.

या स्थलांतराचे खरे श्रेय मात्र जागेच्या निवडीला नाही, त्या दोन वर्षांच्या कष्टाला आहे. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८९६ मध्ये सूत्रे हाती घेतली होती. त्यांच्या कारकिर्दीत १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी झाल्या. दोन ठिकाणच्या खडकांचे स्थायी चुंबकत्व वेगळे, म्हणून आकडेही वेगळे; पण ते वेगळेपण जवळपास स्थिर. दोन वर्षे शेजारीशेजारी मोजले की किती वजा करायचे ते कळते आणि जुन्या मालिकेला नवी मालिका शिवता येते. हे काम न करता कुलाबा एका दिवशी बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग उघडले असते, तर साठ वर्षांचा धागा तुटला असता आणि तो पुन्हा जोडणे कोणालाही शक्य झाले नसते. मूस एवढ्यावर थांबले नाहीत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचे विश्लेषण त्यांनी दोन खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळांचा अभ्यास करणारे आजही ते खंड उघडतात. मुंबईच्या इतिहासलेखनात ट्रामवर भरपूर शाई खर्च झाली आहे. मूस यांच्या वाट्याला त्यातली फारच थोडी आली, हे मला अन्यायाचे वाटते.

वेधशाळा ज्यापासून पळाली आणि जे मोजत होती, ते मुळात एकच होते, हे तेव्हा पुरते उलगडलेले नव्हते. विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये पृथ्वी हाच एक महाचुंबक असल्याचे म्हटले, आणि पुढे बराच काळ तो स्थायी चुंबक समजला गेला. पण लोखंडाचे स्थायी चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला नाहीसे होते, आणि जमिनीखाली काही दशक किलोमीटरवरच उष्णता त्यापुढे जाते. गाभ्यात तर ती चार-पाच हजार अंशांची आहे. तिथे कोणतीही सूची टिकणार नाही. १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी सुचवले, आणि आज सर्वमान्य आहे, की वितळलेल्या वाहत्या धातूत सतत निर्माण होणारे विद्युतप्रवाह हे क्षेत्र उभे करतात. म्हणजे पृथ्वी हा विद्युतचुंबकच, फक्त त्याचे बटण कोणाच्या हाती नाही. रोजची चढउतार होते ती शंभरएक किलोमीटर उंचीवरच्या हवेतल्या प्रवाहांमुळे. बाल्फर स्टुअर्ट यांनी १८८२ मध्येच तसे सुचवले होते. १८५९ चे वादळही पृथ्वीभोवती खेळणाऱ्या प्रवाहांचेच. सूचीला आकाशातला प्रवाह आणि रुळांतून पाझरलेला प्रवाह यांतला भेद कळत नाही. पुढे वेधशाळांच्या आतही विद्युतचुंबक शिरला. टांगलेल्या पोलादी पट्ट्यांची जागा आता नरम चुंबकी गाभ्याभोवती वेढे दिलेल्या फ्लक्सगेटसारख्या यंत्रांनी घेतली आहे. आज्ञाधारकपणा आपल्या ताब्यात असला तर शास्त्रालाही तो हवाच असतो.

विजेच्या ट्रामने मुंबईत सत्तावन्न वर्षे काढली. शेवटची गाडी ३१ मार्च १९६४ रोजी डेपोत परतली. १९२५ मध्ये डीसीवर सुरू झालेली लोकल २०१६ मध्ये हार्बर मार्गाचे रूपांतर संपल्यावर पूर्णपणे एसीवर आली. ज्या प्रवाहाने चुंबकसूचीला मुंबईतून हुसकले तो शहरातल्या रुळांवरून आता गेलेला आहे. म्हणून कोणाला वाटेल की कुलाब्याला परतायला हरकत नाही. हरकत आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या ताब्यातली अलिबागची वेधशाळा एकाच जागी सव्वाशे वर्षांच्या घरात आली आहे. जागा पुन्हा बदलायची तर पुन्हा दोन्हीकडे वर्षानुवर्षे समांतर मोजावे लागेल, पुन्हा एक सांधा पडेल, आणि बदल्यात हाती काही नवे लागणार नाही. तिला जागेवरून न हलवणे हेच शहाणपणाचे, आणि तिच्या आसपास नवे कारखाने, रूळ किंवा वीजवाहिन्या आखताना त्यांचे अंतर आधी वेधशाळेला विचारून ठरवावे.